ओरखडाबाईचा अंगठा

शनिवारी दुपारी आत्या कामावरून आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरली आणि उजव्या हाताची बोटं ओट्यावर आपटायला लागली. टक टक टक. तो तिच्या नखांचा आवाज नव्हता. तिच्या नखांचा आवाज मला लहानपणापासून ठाऊक आहे. ती दारावर अंगठ्याच्या नखाने एकच टिचकी मारते आणि आतल्याला कळतं कोण आलंय ते.

"ऐकलंस? हा माझा हात आहे का? दुकानातल्या पुतळीचा हात आहे हा!"

मी बघितलं. आठ नखं गुलाबी, बदामाच्या आकाराची, आरशासारखी चकचकीत. उरलेली दोन डाव्या हाताची होती आणि बघवत नव्हती. मधल्या बोटाच्या नखाची पांढरी सालपटं निघाली होती. करंगळीचं नख लालबुंद झालं होतं, भाजल्यासारखं.

"हे कुणी केलं?"

"गुलाबी साहेबाने. लाल मी."

"ताई, आधी बस तरी," बाबा म्हणाले. ते तिचे धाकटे भाऊ. आत्या आमच्याकडेच राहते, म्हणजे खरं तर आम्ही तिच्याकडे राहतो, घर तिचं आहे.

"बसणार नाही. बसले की राग खाली उतरतो."

ती इतकी का चिडली होती हे कळायला तिचं काम कळायला हवं. आत्या बावीस वर्षं ज्या कारखान्यात आहे तिथे पोलादाचे दांडे तयार होतात. माती उकरणारी मोठी यंत्रं असतात, त्यांचा लोखंडी हात वर-खाली करणारे, तेलाच्या दाबाने नळीतून आत-बाहेर सरकणारे दांडे. वर क्रोमचा मुलामा, तोंड बघावं इतका गुळगुळीत. त्या मुलाम्यावर ओरखडा राहिला तर नळीच्या तोंडाशी असलेलं रबरी कडं हळूहळू कापलं जातं, तेल झिरपायला लागतं आणि एके दिवशी वर उचललेला लोखंडी हात कुणी न सांगता खाली यायला लागतो.

आत्याकडे शेवटची तपासणी आहे. ती दांडा फिरवत फिरवत त्यावरून उजव्या अंगठ्याचं नख ओढत नेते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नख अडकलं की लाल चिठ्ठी. नाही अडकलं की हिरवी, आणि हिरवीवर तिची सही. डोळ्याला न दिसणारी रेघ नखाला सापडते. कारखान्यात मोजणी करणारं यंत्रही आहे, पण ते सुई फिरवून पाच-सहा मिलिमीटर जागेचा सरासरी खरखरीतपणा सांगतं. ओरखडा त्या जागेच्या बाहेर असला तर यंत्र खुशाल 'उत्तम' म्हणतं. म्हणून आत्या. तिला तिथे सगळे ओरखडाबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. तिला ते आवडतं, असा माझा संशय आहे.

त्या एका नखासाठी आमच्या घराने काय काय केलंय! ते सरळ रेषेत कापायचं, तांदळाच्या दाण्याएवढं पुढे ठेवायचं. त्याने डबा उघडायचा नाही, स्टिकर खरवडायचा नाही. बावीस वर्षं आमच्याकडे लसूण बाबा सोलतात.

आणि त्या नखावर शनिवारी सकाळी कारखान्यानेच जेल चढवलं होतं, नखांवर रंगासारखं लावतात ते जाड, चकचकीत जेल.

झालं असं की कारखान्याला एक मोठं पोस्टर करायचं होतं. 'आमच्या हातांवर विश्वास ठेवा.' हात अर्थातच आत्याचा. जाहिरातवाली बाई आली, फोटोवाला आला, दांडा लोखंडी स्टँडच्या चिमट्यात धरला, दिवे लागले. जाहिरातवाल्या बाईने कॅमेऱ्याच्या पडद्यात बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"हात मस्त आहे. पण नखं किती मळकी दिसतायत!"

"मळ नाही, तेल आहे ते," आत्या म्हणाली. "आणि फोटो नखाचाच आहे ना?"

"हो हो. म्हणूनच."

बाईने सोबत नखं करणारी एक मुलगी आणलीच होती. साहेब, म्हणजे आत्याच्या विभागाचे प्रमुख, मध्ये पडले. "अहो बाई, तासाभराचं काम. फोटो झाला की लगेच काढतील."

आत्याने हात पुढे केला. हे सांगताना तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला. "मला वाटलं, रंग असेल, पुसला की जाईल. मला काय माहीत, दिव्याखाली धरून दगड करतात त्याचा!"

फोटो झाला. जाहिरातवाली बाई घड्याळ बघत गाडीत बसली, त्या मुलीलाही बसवलं, आणि गाडी गेली. नखं राहिली. साहेब म्हणाले, सोमवारी अकराला ट्रक निघतोय, चाळीस दांडे पडून आहेत, जरा हात चालवा. आणि आत्याने हात चालवला. बावीस वर्षांची सवय. दांडा फिरवला, अंगठा ओढला, अडकला नाही, हिरवी, सही. पुढचा. अडकला नाही, हिरवी, सही.

चाळिसाव्या दांड्यावर सही करून तिने पेन खाली ठेवलं आणि लाल चिठ्ठ्यांचं पुडकं तिच्या नजरेला पडलं. त्यातली एकही चिठ्ठी गेली नव्हती.

"चाळिसात एकही नाही," ती आम्हाला म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "बावीस वर्षांत असं कधी झालं नाही. दोन तरी निघतात, तीन निघतात. अगं, मी नखाने तपासत नव्हतेच. त्या गुळगुळीत गोट्याने तपासत होते. तो कशाला अडकेल?"

ती सरळ साहेबांकडे गेली. पुन्हा तपासायचेत म्हणाली. साहेब म्हणाले, यंत्राने चाळीसही उत्तम दाखवलेत, तुमची सही झालीय, मग आता काय? फारच वाटत असेल तर प्लास्टिकची पट्टी ओढून बघा.

"मी म्हटलं, साहेब, पट्टी अडकली तर पट्टीला कळेल. मला कसं कळणार?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय! हसला."

मग तिने नखं काढायला घेतली. आणि तिथे तिने जी चूक केली ती फक्त तिच्या कारखान्यातली माणसंच करू शकतात. त्या लोकांना काहीही काढायचं म्हटलं की घासायचं एवढंच सुचतं. पॉलिशवाल्याने मोठ्या मायेने सल्ला दिला, "ओरखडाबाई, आणा इकडे, दोन सेकंदांत काढतो," आणि तिने फिरत्या पॉलिशच्या चाकाला करंगळी लावली. दोन सेकंदांत जेल गेलं, त्याखालचा नखाचा अर्धा थर गेला आणि उरलेलं नख तापून असं चटकलं की तिने पॉलिशवाल्याला एक शिवी हासडली. मग घरी येताना रस्त्यात मधल्या बोटाची कड दातात धरून ओढली. जेल निघालं, सोबत नखाची सालपटं घेऊन.

"अंगठ्याला मात्र हात लावला नाही," ती म्हणाली. "तो गेला तर मी संपले."

तिने अंगठा माझ्यासमोर धरला.

"तू रंगाच्या कारखान्यात आहेस ना? प्रयोगशाळेत? दिवसभर लावा नि काढाच करतेस ना? मग हे काढ. उद्याच्या उद्या. सोमवारी अकराच्या आत मला ते चाळीस दांडे बघायचेत. त्यातला एक जरी खराब निघाला आणि कुठे कुणाच्या डोक्यावर तो हात खाली आला, तर त्या चिठ्ठीवर साहेबाची सही नाहीये. माझी आहे."

तिच्या ओढणीच्या गाठीत नखंवाल्या मुलीचं कार्ड होतं. मी फोन लावला. मुलगी बिचारी भली निघाली.

"ओढलं नाही ना? ओढू नका हं, काकूंना सांगा! मी काढणारच होते हो, पण मॅडम म्हणाल्या, उशीर होतोय, बस गाडीत."

मी तिला विचारलं, कोणतं जेल? कारण जेल दोन जातींचं असतं. एक ॲसिटोनमध्ये सुटतं. दुसरं सुटतच नाही, ते घासूनच काढावं लागतं आणि ते घरी करायच्या भानगडीत पडू नये.

"सुटणारं आहे. पण आधी वरची चमक घासून घ्या, हलक्या हाताने. नाहीतर ॲसिटोन आत शिरणारच नाही. आणि जे बोट भाजलंय ना, त्याला काही लावू नका, तसंच सोडा. सालपटंवालं पण."

"काय म्हणते?" आत्या पाठीशी उभी होती.

"ओढू नका म्हणते."

"तिला सांग, तुझ्या मॅडमच्या जिभेला चढव ते जेल."

फोनवर मुलगी खुदकन हसली. "सांगते, काकू."

रविवारी सकाळी मी पहिल्याच दुकानातून नखांचा रंग काढायची बाटली आणली. कापूस भिजवला, नखांवर ठेवला, वर चांदीच्या कागदाची टोपणं गुंडाळली. उजव्या हाताची पाच टोपणं घेऊन आत्या खुर्चीत बसली. वीस मिनिटांनी उघडलं. काही नाही. पुन्हा वीस मिनिटं. जेल जसंच्या तसं, उलट जास्तच गुलाबी.

आत्याने बाटली उचलली, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, "ॲसिटोनविरहित. नखांना जपणारे. स्ट्रॉबेरीचा सुगंध."

मी बाटली तिच्या हातून घेतली.

"रंगाच्या कारखान्यातली हुशार पोरगी! शिकली एवढी, बाटलीवरचं वाचता येत नाही! चाळीस मिनिटं मी स्ट्रॉबेरी हुंगत बसले!"

"ताई, ओरडू नकोस तिच्यावर."

"तुझ्यावर ओरडू का? तू काय केलंस सकाळपासून?"

"लसूण सोलला," बाबा म्हणाले.

मी औषधांच्या दुकानात धावले आणि या वेळी बाटली तीनदा वाचून आणली. नुसतं ॲसिटोन. घरात आल्यावर आधी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि गॅस बंद केला.

"चहाचं आधण ठेवलंय," बाबा म्हणाले.

"आता चहा नाही. याची वाफ पेट घेते."

"किती वेळ नाही?"

"अंगठा निघेपर्यंत."

बाबांनी आत्याच्या अंगठ्याकडे असं बघितलं, जणू तो मुद्दाम त्यांच्या चहावर बसलाय.

मी नखं घासायची बारीक कानस घेतली आणि एकेका नखाची वरची चमक घालवली. फक्त चमक. गुलाबी रंग मळकट पांढुरका दिसायला लागला की थांबायचं, त्याखाली जायचं नाही. मग नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन चोपडलं, कारण ॲसिटोन कातडी कोरडी ठक्क करतं. मग नखाएवढेच कापसाचे तुकडे, भिजवून, नखावर. वर कागद.

"पंधरा मिनिटं," मी म्हटलं. "हलवायचं नाही."

"साहेबाला इथे आणून बसव माझ्याशेजारी."

पंधरा मिनिटांनी चार बोटांचं जेल कडांनी उचललं होतं, फुगलेल्या सालीसारखं. लाकडी काडीने नुसतं ढकललं तर सुटून आलं. आत्याचा श्वास मला ऐकू येत होता. अंगठ्याचं मात्र नाही. तिथे थर जाड होता, फोटोत तोच दिसणार होता ना. काडी लावली तर एक कोपरा हलला, बाकीचं घट्ट.

"ओढ," आत्या म्हणाली.

"नाही."

"कोपरा सुटलाय. ओढ म्हणते ना!"

"आत्या, ॲसिटोनने जेल विरघळत नाही. ते आत शिरतं, जेल फुगतं, आणि मग त्याची पकड सुटते. जिथे पकड सुटली नाही तिथून ओढलं तर नखाचा थर घेऊन येणार. मधल्या बोटासारखा."

"मला शिकवू नकोस! उद्या अकराला ट्रक निघतोय!"

"ट्रक उद्या निघतोय. अंगठा आज आहे. तुला उद्या नख पाहिजे का भोक?"

मी तिच्याशी असं कधी बोलले नव्हते. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तिने अंगठा पुढे केला.

"गुंडाळ."

दुसरा फेरा. तिसरा फेरा. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने कॅलेंडर फडफडत होतं, बाबा गार दूध पीत होते, आणि आत्या सगळा वेळ दात आवळून साहेबांना, जाहिरातवाल्या बाईला, फोटोवाल्याला आणि स्वतःला बोल लावत होती. स्वतःला सगळ्यात जास्त. "सवयीने सही केली! सवयीने! दांडा काय म्हणतो ते ऐकलंच नाही!"

तिसऱ्या फेऱ्यानंतर अंगठ्यावरचं जेल एका तुकड्यात सुटलं. खाली तिचं नख होतं. कोरडं, पांढुरकं, पण पूर्ण.

साबणाने हात धुतले, तेल चोळलं, तासभर थांबलो. डावा हातही तसाच केला, दुखरी दोन बोटं सोडून. अखेर बाबांना चहा मिळाला. मग आत्या त्यांना म्हणाली, "तुझा चष्मा दे."

"का? नवीन आहे."

"ओरखडा आहे का त्यावर?"

"अजिबात नाही. महिना झालाय घेऊन."

तिने डोळे मिटले आणि भिंगावरून अंगठ्याचं नख ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. काही नाही. तिचा चेहरा उतरला. मी हात हातात घेऊन बघितला, तर त्या मुलीने कड गोल केली होती. बदामासारखी. गोल कड ओरखड्यावरून घसरते. मी कानशीने कड सरळ केली, एकाच दिशेने, हळूहळू, तिच्या मापाने.

तिने पुन्हा डोळे मिटले. नख भिंगावरून निघालं आणि अर्ध्यात थांबलं.

"इथे," ती म्हणाली.

बाबांनी चष्मा दिव्याकडे धरला, तिरका केला, उलटा केला. "अरेच्चा," ते म्हणाले. "हा कधी पडला?"

आत्याने त्या दोन दिवसांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकवली.

सोमवारचं मला तिनेच सांगितलं, साहेबांचा आवाज काढून. सकाळी सातला ती दारावर हजर. दांडे खोक्यांत बंद.

"बाई, खोकी खिळे ठोकून झालीत."

"मग खिळे काढा."

"अहो, सही तुमचीच आहे ना?"

"म्हणूनच म्हणते." तिने खिशातून पेन काढलं. "नसेल उघडायचं तर चाळीसही चिठ्ठ्यांवरच्या माझ्या सह्या मी खोडते. बिनसहीचा ट्रक कसा बाहेर पडतो बघू."

खोकी उघडली. पॉलिशवाल्याने स्वतः पहार घेतली, बहुतेक करंगळीची भरपाई म्हणून. आत्याने एकेक दांडा घेतला. अंगठ्याचं नख अजून हुळहुळं होतं, पण बोलत होतं. अकराव्या दांड्याला अडकलं. तेविसाव्याला अडकलं. आणि अडतिसावा तो फोटोतला होता. मधोमध, जिथे फोटोवाल्याच्या स्टँडच्या चिमट्याने त्याला धरलं होतं तिथे, करकरून अडकलं. शनिवारी सकाळी, जेल चढण्याआधी, तिने स्वतः नखाने बघूनच तो फोटोसाठी दिला होता, तेव्हा तो निर्मळ होता. ज्या फोटोत कारखाना लोकांना विश्वास ठेवा म्हणत होता, त्या फोटोने तो खराब केला होता.

तीन लाल चिठ्ठ्या. पावणेअकरा.

"तीनच तर निघाले," साहेब म्हणाले.

"त्या तिघांखाली कोण उभं राहणार, त्यांची नावं सांगा. लगेच सही करते."

ट्रक सदतीस दांडे घेऊन गेला.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण बुधवारी आत्याच्या हातात एक पत्र पडलं. तपासणीचं काम दोनदा करावं लागलं, सबब वेळ वाया गेला. कारण म्हणून छापलं होतं: 'कर्मचाऱ्याने नखांची योग्य निगा न राखणे.' लेखी खुलासा आठ दिवसांत द्यावा.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मी म्हटलं, मी लिहिते खुलासा, चार पानं लिहिते, जेल म्हणजे काय, पॉलिमर म्हणजे काय, पकड म्हणजे काय, सगळं लिहिते. आत्या म्हणाली, "लिही," आणि पत्राची चौपदरी घडी घालून पिशवीत टाकली. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, ती वाचणार नाही.

आठव्या दिवशी कारखान्याच्या दारावर पोस्टर लागलं. मी कामावर जाताना त्याच रस्त्याने जाते. भलंमोठं. चकाकणारा दांडा, त्यावर आत्याचा हात, हातावर गुलाबी अंगठा. खाली अक्षरं: 'आमच्या हातांवर विश्वास ठेवा.'

आणि दांड्याच्या मधोमध, बरोबर चिमट्याच्या जागी, एक लाल चिठ्ठी डकवलेली होती. त्यावर तारीख, दांड्याचा नंबर आणि आत्याची सही.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा माझी चार पानं ओट्यावर तशीच पडलेली होती.

"खुलासा दिलास का?" मी विचारलं.

"दारावर लावलाय."

"अगं, काढतील तो."

"काढू देत." तिने डाव्या हाताची करंगळी दिव्याकडे धरून बघितली. नवं नख मुळाशी जेमतेम दिसायला लागलं होतं, लाल भाग अजून तसाच होता. "माझ्याकडे लाल चिठ्ठ्यांचं आख्खं पुडकं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथून गेले तेव्हा चिठ्ठी नव्हती. संध्याकाळी परतताना होती.